बोर्डावर नाव मुलाचं, त्याला विचारलं कुणी?

प्रश्न : आम्ही उभयता कोल्हापूरचे. मी चित्रकला शिक्षक होतो, स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोघं मिळून घरचा जुना वाडा दुरुस्त करून आर्ट गॅलरी उभी करत आहोत. कर्ज काढलं, कमी पडलं म्हणून मुलाच्या शिक्षणाची ठेवही मोडली. गॅलरीला नावही त्याचंच दिलं आहे, बोर्ड रंगवायला टाकलाय. तो बारावी सायन्सला आहे, गणित उत्तम. सिव्हिल इंजिनिअरिंग म्हणतो. आमचं म्हणणं, बीएफए (चित्रकलेची पदवी) करून गॅलरी सांभाळावी. वाड्यावर आला की भिंतीची ओल बघतो आणि सिमेंटच्या गिलाव्यावरून गवंड्याशी वाद घालतो, कलेत रस नाही. आमची वयं ४८ आणि ४५. आमच्यानंतर कोण बघणार? त्याचं मन वळवावं.

उत्तर : नाही वळवणार.

माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रं उलटी असतात. मुलीला चित्रं काढायची असतात, वडिलांना इंजिनिअर हवा असतो. तुमचं पत्र वाचायला घेतलं तेव्हा बरं वाटलं होतं. ठेव मोडल्याचं वाक्य आलं आणि ते बरं वाटणं संपलं. तुम्ही पोराच्या फीचे पैसे वाड्यात घातलेत, त्याचं नाव बोर्डावर रंगवायला दिलंत, आणि आता त्यानं ‘नाही’ म्हटलं की तो कृतघ्न ठरणार. तुम्हाला हे प्रेम वाटतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ते कर्ज वाटतं, आणि ते त्यानं काढलेलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ‘आमच्यानंतर कोण’ हा प्रश्न कशाला? अजून उद्घाटन व्हायचंय. आधी तुमच्या हयातीत ती चालते का ते बघा.

परीक्षांचं एका ओळीत सांगतो : इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी, बीएफएला एएसी सीईटी; तुमच्या मुलानं पहिली द्यावी.

आता तुमचा एक गैरसमज. बीएफए केलं की गॅलरी चालवता येते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही स्वतः चित्रकला शिकवलीत, तुम्हाला हे ठाऊक असायला हवं. तिथं मुलगा रेखाटन, रंग, मुद्राचित्रण शिकेल. चित्र विक्रीला ठेवून घेताना चित्रकाराशी काय करार करायचा, ३० टक्के कमिशन घ्यायचं की ५०, विमा कुणी उतरवायचा, पाच महिने काही विकलं गेलं नाही तर वीजबिल कुठून भरायचं, हा व्यापार आहे आणि तो दुकानात बसून शिकावा लागतो. मुंबईच्या केकू आणि खोर्शेद गांधी या जोडप्याचं उदाहरण घ्या. केकूंनी १९४१ मध्ये सुरुवात केली ती फ्रेमच्या धंद्यापासून. फ्रेमच्या शोरूममध्ये नव्या चित्रकारांची चित्रं लागू लागली आणि जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली ती १९६३ मध्ये. मधली वीस-बावीस वर्षं फ्रेमचा गल्ला होता. तुम्ही म्हणाल, पुढे त्यांच्या मुलीनं, शिरीननं, गॅलरी सांभाळलीच ना? सांभाळली. पण तिच्या हाती आली ती नावारूपाला आलेली गॅलरी. तुम्ही मुलाला पोपडे धरलेली भिंत आणि बँकेचा हप्ता देताय.

आणि त्या ओलीबद्दल. तुमचा मुलगा बरोबर बोलतोय! माती-चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या भिंतीवर कॅनव्हास टांगून बघा, मागे बुरशी धरेल. जलरंगातल्या चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड, तैलचित्रांवर २०० पर्यंत, हेही असल्याच डोक्याचं काम आहे. तुमच्या घरात इमारत वाचता येणारा माणूस आहे आणि तुम्ही त्याला अरसिक म्हणताय. मात्र हे वाचून लगेच ‘मग सिव्हिल करून आमचीच गॅलरी बघ’ असं त्याला म्हणू नका. तो पूल बांधेल नाहीतर धरणावर जाईल, त्याची मर्जी.

तुम्ही दोघांनी करायचं ते सांगतो. वरच्या मजल्याचं काम थांबवा, तळमजल्याच्या दोन खोल्या उघडा. पुढच्या खोलीत फ्रेमिंग सुरू करा. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, काहीही येऊ दे, हप्ता त्यातून निघेल. बीएफए झालेला माणूस हवाच असेल तर पगार देऊन ठेवा, कलापूर म्हणवणाऱ्या गावात अशी पोरं कामाच्या शोधात असतात. गिलाव्याचं गवंड्याशी मुलालाच बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. वरच्या मजल्याचे वाचतील ते पैसे प्रवेश सुरू व्हायच्या आत ठेवीत परत टाका. तेवढ्यानं भागलं नाही तर तुमच्या स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतून टाका, मुलाला शैक्षणिक कर्ज काढायला लावू नका.

बोर्ड अजून टांगलेला नाही, तेव्हा पेंटरला आजच फोन करा. दोघांपैकी कुणाचंही नाव चालेल.