डीएचची वजावट एकदाच करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेसबॉलमध्ये डेव्हिड ऑर्टिझचे होमर (बॉल थेट कुंपणापार मारलेले फटके) 541, एडगर मार्टिनेझचे 309. दोघेही डीएच, म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारे. तरी बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या साइटवर मार्टिनेझचा वॉर (साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत संघाला मिळवून दिलेले जादा विजय) 68.4 आणि ऑर्टिझचा 55.3, हे कसं? आणि जो ग्लोव्हच घालत नाही त्याला एवढी किंमत द्यायचीच कशाला?

मी बरीच वर्षं सिएटलजवळ राहतोय. इथल्या स्टेडियमला लागून असलेल्या रस्त्याचं नावच एडगर मार्टिनेझ ड्राइव्ह आहे. माझा ओढा कुणाकडे हे उघड आहे, म्हणून नुसतं मत न देता आकडे मांडतो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. वॉरमध्ये प्रत्येक जागेची जमा-वजा ठरलेली असते. फॅनग्राफ्स या दुसऱ्या साइटच्या पद्धतीत 162 सामन्यांच्या पूर्ण हंगामासाठी कॅचरला 12.5 रन जमा, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) 7.5 जमा, फर्स्ट बेसला 12.5 वजा आणि डीएचला तब्बल 17.5 वजा. दहा रन म्हणजे ढोबळमानाने एक विजय. म्हणजे पहिला बॉल पडायच्या आधीच डीएच पावणेदोन विजयांनी मागे. फिल्डिंग न करण्याची किंमत त्याने इथे भरलेली असते. लोक मात्र तयार वॉर बघतात आणि ‘पण तो डीएच आहे ना’ म्हणत मनातल्या मनात आणखी कापतात. एकाच गोष्टीचा भुर्दंड दोनदा कशाला?

आता फर्स्ट बेसवर असा खेळाडू घ्या, ज्याच्या दोन्ही बाजूंनी ग्राउंडर (जमिनीवरून येणारे फटके) सुटतात आणि जो हंगामात सरासरी फर्स्ट बेसमनपेक्षा 10 रन जास्त देतो. त्याचे 12.5 आणि 10, एकूण 22.5 वजा. तेवढीच बॅटिंग करणारा डीएच त्याच्यापेक्षा 5 रनांनी सरस ठरतो. ‘निदान मैदानात तरी उतरतो’ याचे रन कुणी देत नाही.

तुम्ही म्हणाल, काहीच न करणारा फर्स्ट बेसमनच्या फक्त 5 रन खाली कसा? कारण थंड अंगाने बॅटिंग करणं अवघड असतं. तेच खेळाडू फिल्डिंग करताना आणि डीएच म्हणून कशी बॅटिंग करतात हे ताडून पाहिलं, तर डीएच म्हणून ती सर्वसाधारणपणे थोडी खालावते. मी थर्ड बेसच्या बाजूला बसतो, समोर सिएटलच्या संघाचा, मरिनर्सचा डगआउट (खेळाडू बसतात ती जागा) दिसतो. बाकीचे मैदानात पळाले की डीएच आत पिंजऱ्यात सरावाला जातो आणि पाळी जवळ आली की हेल्मेट घालून, मनगटं फिरवत वर येतो. मध्ये कधी अर्धा तास जातो, कधी त्याहून जास्त. तेवढ्या वेळाने येऊन दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणारा बॉल ओळखायचा. मार्टिनेझला तर दोन्ही डोळे एका रेषेत न राहण्याचा त्रास होता, आणि तो रोज डोळ्यांचे व्यायाम करून खेळायचा.

आता ऑर्टिझ की मार्टिनेझ. होमर बाजूला ठेवा आणि आउट मोजा. ऑन-बेस, म्हणजे आउट न होता बेसवर पोहोचण्याचं प्रमाण, मार्टिनेझचं .418, ऑर्टिझचं .380. दोघांनाही 600 वेळा प्लेटवर आणलं, तर मार्टिनेझ साधारण 23 वेळा कमी आउट होतो. नऊ इनिंगांच्या सामन्यात संघाला 27 आउट मिळतात. म्हणजे दर हंगामाला जवळजवळ एका अख्ख्या सामन्याचे आउट हा माणूस वाचवतो! त्यात ऑर्टिझचं घरचं मैदान फेनवे, बॅटर्सना साथ देणारं. शिवाय मार्टिनेझ सुरुवातीची वर्षं थर्ड बेसवर खेळला, पाचशेहून जास्त सामने. तिथे वजावट नाही, उलट थोडी जमा असते. तो ‘फक्त डीएच’ कधीच नव्हता.

आरबीआयवरून, म्हणजे बॅटरच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या रनांवरून, डीएच जोखू नका. 1995 मध्ये मार्टिनेझ .356 च्या बॅटिंग सरासरीने खेळला, ऑन-बेस .479, डबल (दोन बेस मिळवणारे फटके) 52, आरबीआय 113. अमेरिकन लीगचा एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) मात्र .300 आणि 126 आरबीआयवाला मो वॉन झाला. मार्टिनेझ तिसरा. मला ते अजून खुपतं. हॉल ऑफ फेमलाही त्याला दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, 2019 पर्यंत. ऑर्टिझ 2022 मध्ये पहिल्याच वर्षी गेला. आणि 2024 मध्ये तर एरवी पिचिंगही करणारा शोहेई ओहतानी एकाही सामन्यात पिचिंग न करता, नुसत्या डीएचवर, एकमताने एमव्हीपी झाला: 54 होमर, 59 स्टील (धावत चोरलेले बेस).

संघ बांधताना एक खर्च मात्र धरा, जो वॉरमध्ये दिसत नाही. कायमचा डीएच ठेवला की दमलेल्या कॅचरला किंवा दुखऱ्या पायाच्या आउटफिल्डरला अर्धी सुट्टी द्यायची जागा उरत नाही. म्हणून मधल्या दर्जाचा डीएच मी घेणार नाही, घेतला तर पहिल्या रांगेतलाच.

ऑर्टिझच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. वॉर फक्त नियमित हंगामाचा असतो. 2013 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, त्याने 16 पैकी 11 वेळा हिट मारली, .688. त्यातलं काहीही त्या 55.3 मध्ये नाही. तुम्ही ‘कुणाची कारकीर्द मोठी’ असं विचारत असाल, तर त्याला मी 55 वर थांबवणार नाही. पण एप्रिल ते सप्टेंबर, वर्षामागून वर्ष, तिसऱ्या-चौथ्या नंबरवर कुणाला पाठवू असं विचाराल, तर एडगर.