एकाच टेबलावर ग्राइंडर, व्हाइस आणि छोटं ड्रिल मशीन आलटून पालटून कसं बसवायचं?
मशीन थेट टेबलाला ठोकू नका. प्रत्येकाला १९ मिमी प्लायची, एकाच मापाची पाटी द्या. माझ्या ३०० × ४०० मिमीच्या आहेत. मशीनचे बोल्ट खालून घालून डोकी प्लायमध्ये बुडवा, नाहीतर पाटी डुगडुगते. टेबलाला चार भोकं, खालून टी-नट (लाकडात रुतून बसणारी दात्यांची नट), वरून पाटीतून एम१० म्हणजे १० मिमी जाडीचा बोल्ट.

खरी गोम भोकांत आहे. दरवेळी टेपनं आखलंत तर मिलिमीटरभर चुकणारच (माझ्या पहिल्या दोन पाट्या अशाच वाया गेल्या). पत्र्याचा एकच साचा करून त्यावरूनच सगळी भोकं पाडा. पाटीला ११ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे बोल्टला थोडी ढील मिळते.

व्हाइसची जागा टेबलाच्या पायावरच हवी, हातोड्याचा मार पाय झेलतो. ग्राइंडरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, थरथर कमी होते. आणि लाकडाचा भुसा झाडल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नका, ठिणग्या उडतात.