दुपारपर्यंत झोपणारा मुलगा

“मॅडम, पोरगं बिघडलंय. सुटीला घरी आलं की दुपारी एकपर्यंत झोपतंय, काही बोललं की अंगावर येतंय. दारू तर नसेल?” खानापूर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा 24 वर्षांचा, बेळगावात एका हॉटेलच्या किचनमध्ये तंदूरवर. तिथे राबणाऱ्या मुलांच्या घरून हीच काळजी माझ्याकडे वारंवार येते.

मुलाला एकट्याला बसवून आधी दारूचं सरळ विचारलं. महिन्याकाठी एखादी बिअर, बस्स. मनगटापासून कोपरापर्यंत तंदूरने भाजल्याचे डाग, एक तर अजून ओला. मग त्याचा दिवस विचारला. सकाळी दहाला तयारी, साडेतीनला ब्रेक, साडेसहाला परत भट्टीपुढे, साडेअकराला शेवटची ऑर्डर. आवरून खोलीवर जायला साडेबारा, मग जेवण, मोबाईल. “पडलो तरी ऑर्डरच्या मशीनचं कर्रर्र कानात वाजायलंय,” म्हणाला. डोळा लागेपर्यंत तीन, नऊला गजर.

मोठ्या माणसाला निदान 7 तास झोप हवी. झोप यायला शरीर आतून थोडं थंडावं लागतं, आणि हा तर रात्री साडेअकरापर्यंत भट्टीपुढे. त्यात रात्री दहाचा कडक चहा; त्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीही अंगात असतं. आठवडाभराची झोपेची उधारी तो घरी येऊन फेडत होता. हे ऐकून आई रडायलाच लागली. तो झोपला की ती हळूच त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघायची.

आम्ही ठरवलं: चहा साडेसहानंतर नाही, पोटभर जेवण शिफ्टआधी, रात्री फक्त पेज किंवा दूधभात. खोलीवर आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, मोबाईल उशापासून लांब. सुटीला फार तर अकरापर्यंत झोप, त्यापुढे गेलं की त्या रात्रीची झोप बिघडते. अकरापर्यंत आईनेही हाक मारायची नाही.

मात्र दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रोज प्यावंसंच वाटत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो.

दीड महिन्याने तो दीडच्या सुमाराला झोपू लागला. शनिवारची गर्दी झाली की अजून चिडतो, त्यावर आमचं काम सुरू आहे. आईने त्याच्या खिडकीला जुनं लुगडं दुहेरी करून लावलंय.