विमान आपटतंय? आधी वेग बघ

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तुझं सेसना १७२, हे एका इंजिनाचं छोटं विमान, दर वेळी धावपट्टीवर आपटतं, कारण तू शेवटच्या दहा फुटांत सगळं सावरायला बघतोस. खरं लँडिंग त्याच्या दोन मैल आधीच ठरतं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, पूर्ण खाली, वेग ६५ नॉटच्या (ताशी साधारण १२० किमी) आसपास, आणि ट्रिम, म्हणजे नाक एका जागी धरून ठेवणारं नियंत्रण, असं लावलेलं की जॉयस्टिक सोडली तरी नाक जागचं हलू नये. ट्रिमकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या वेगाला खाली येण्याचा दर मिनिटाला साधारण ३२५ फूट हवा. धावपट्टीशेजारचे चार ‘पापी’ (PAPI, उतरण्याचा कोन दाखवणारे) दिवे बघ: दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही लाल म्हणजे तू फार खाली आहेस.

धावपट्टीवर आलास की नजर थेट पलीकडच्या टोकाला ने. चाकांखालची जमीन बघत राहिलास तर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. इंजिनाची पॉवर हळूहळू काढ आणि जॉयस्टिक अगदी थोडी थोडी मागे घे. विमान टेकायला बघेल, तू त्याला टेकू देऊ नकोस. वेग संपला की मागची दोन चाकं आपोआप टेकतील.

उसळी बसली तर नाक खाली दाबू नकोस रे! पुढचं चाक आधी आपटतं आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी बसते. सरळ पूर्ण पॉवर दे, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घे आणि पुन्हा फेरी मार.

आणि हो, महिनाभर तरी एअरबससारख्या मोठ्या प्रवासी विमानाला हात लावू नकोस.