आईचं नाव सांगायचा खेळ

"मॅडम, माझ्यामुळे एक मुलगा कॉलेजला यायचा थांबलाय," खुर्चीत नीट बसायच्या आतच ती म्हणाली. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता पुण्यातल्या एका कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली. (कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या वर्षाच्या मुलांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून तिने लोकरीच्या गुंड्याचा खेळ घेतला होता. गुंडा ज्याच्या हातात येईल त्याने आपलं नाव आणि पुढे आईचं नाव सांगायचं, धागा धरून ठेवायचा आणि गुंडा दुसऱ्याकडे टाकायचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. त्याचा तिला फार आनंद झाला होता, त्यावरूनच तिला हा खेळ सुचला.

गुंडा अफगाणिस्तानातून आलेल्या एका मुलाकडे गेला. त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि गप्प झाला. "आणि आईचं?" तिने हसून विचारलं. तो खाली बघत राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "आईचं नाव विसरला!" वर्ग हसला. त्याने बोटाला गुंडाळलेला धागा सावकाश सोडवला, गुंडा खुर्चीवर ठेवला आणि बाहेर पडला. त्याला दोन दिवस झाले होते.

"मग वेगवेगळ्या ठिकाणची मुलं असली की असले खेळ घ्यायचेच नाहीत का?" तिने विचारलं. हा प्रश्न मला शिक्षक विचारतात, शिबिरं घेणारे विचारतात, कंपन्यांतले एचआरवालेही विचारतात.

मी तिला आधी त्या मुलाच्या घरची बाजू सांगितली. परक्यांसमोर घरातल्या बाईचं नाव उच्चारणं अफगाणिस्तानातल्या पुष्कळ घरांत मानहानीचं समजतात. तिथल्या बायकांनीच २०१७ मध्ये 'माझं नाव कुठे आहे?' अशी मोहीम उघडली आणि २०२० मध्ये ओळखपत्रावर आईचं नाव यावं म्हणून कायदा बदलला गेला. म्हणजे हा तिथेही वादाचाच विषय, आणि तो मुलगा कुठल्या बाजूचा हे आपल्याला ठाऊक नाही.

"पण आईच्या नावात लपवण्यासारखं काय आहे?" तिचं मन मानत नव्हतं.

"तुझ्या आजीने आजोबांचं नाव कधी घेतलं होतं का गं?"

ती थांबली. "उखाण्यातच. एरवी 'अहो', नाहीतर 'आमच्याकडचे'."

उखाणा मला फार शहाणा खेळ वाटतो. जे नाव जिभेवर येत नाही, त्याला तो यमकाचा पदर देतो. तिच्या खेळात हा पदरच नव्हता. प्रश्नाला एकच उत्तर, तेही सगळ्यांच्या देखत, आणि हातात धागा. आडनाव विचारलं की आपल्याच कितीतरी मुलांच्या पोटात गोळा येतो, कारण आडनावावरून जात हुंगली जाते. त्यासाठी परदेशातून यावं लागत नाही. हात धरायला लावणाऱ्या खेळांत मुलींचं हेच होतं. अमक्या देशाच्या लोकांना हे चालत नाही, अशा याद्या पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. खेळणाऱ्याला किती उघडं व्हायचं ते ठरवता येतंय का, एवढं मी बघते.

तिने त्याला मेसेज केला: माझी चूक झाली, तुला उत्तर द्यायची गरज नाही. चौथ्या दिवशी तो तिच्यासोबत माझ्याकडे आला. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "मला आईची लाज वाटत नाही. पण मी तिचं नाव घेतलं असतं, तर तिला न ओळखणारे सगळे ते मस्करीत घेत राहिले असते." पुढे बराच वेळ तो बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

त्याच वर्गात मेघालयातली एक खासी मुलगी होती. तिच्या समाजात कुळाचं नाव आईकडूनच येतं, त्यामुळे तिला तो खेळ मनापासून आवडला होता. एकाला टोचलेलं दुसरीला आवडतं, म्हणून खेळ टाकून न देता आम्ही प्रश्न बदलला: तुमच्या घरी चहाला काय म्हणतात आणि तो कसा करतात? कुणाला बोलायचं नसेल तर गुंडा नुसता पुढे द्यायचा. आणि सुरुवात बाईंनी स्वतःपासून करायची.

मी मागच्या बाकावर बसले होते. सांगलीचा मुलगा म्हणाला 'चहा', खासी मुलगी म्हणाली 'शा', टांझानियाचा मुलगा म्हणाला 'चाय', तमिळ मुलीने 'तेनीर' म्हटल्यावर सगळ्यांनी तो शब्द म्हणून बघितला. एका मुलाने काही न बोलता गुंडा पुढे दिला, त्याला कुणी टोकलं नाही. मग गुंडा त्या अफगाण मुलाकडे आला.

"चाय-ए-सब्ज," तो म्हणाला. "दूध नाही. हेल घालतात."

"हेल म्हणजे?" त्या दिवशी मागून ओरडलेल्या मुलानेच विचारलं.

त्याला शब्द सापडेना. त्याने दोन बोटांत छोटंसं काहीतरी धरून सोलल्यासारखं केलं आणि ती बोटं नाकाशी नेली. "वेलची!" तीन-चार जण एकदम म्हणाले. त्याने धागा बोटाला गुंडाळला आणि गुंडा त्या ओरडणाऱ्या मुलाकडेच टाकला.