मोठी संख्या हाती घेताना

सुरुवातीलाच एखाद्या मोठ्या संख्येचे सगळे गुणधर्म शोधायला जाऊ नका. आधी फक्त मूळ अवयव पाडा. बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

३६०३६० घ्या. ही ३६० × १००१ आहे हे दिसलं की अर्धं काम झालं, कारण १००१ = ७ × ११ × १३. म्हणजे ३६०३६० = २³ × ३² × ५ × ७ × ११ × १३. आता प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. एवढे तिचे विभाजक, एकेक न मोजता! मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

नेहमीच्या चुका:

- १ ला मूळ संख्या धरणं.
- ४ ने आणि ६ ने भाग जातो म्हणून २४ नेही जाईल असं मानणं. १२ वर तपासून बघा.
- मध्येच थांबणं. ही सगळ्यात महागात पडते. १०४०३ ला एकाही दोन अंकी मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून लोक तिला मूळ ठरवून मोकळे होतात. पण तिचं वर्गमूळ १०२ च्या किंचित अलीकडे आहे, म्हणजे १०१ तपासायची राहिलीच. आणि १०१ × १०३ = १०४०३! वर्गमूळापर्यंत जायचंच, त्यापलीकडे मात्र भागत बसू नका.

विभाजकांची बेरीज वगैरे सध्या राहू द्या. थोडे दिवस कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हातानेच अवयव पाडा.