टर्मिनेटरचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा खरंच चांगला आहे का? पहिला न बघता दुसरा कळेल का?

दुसराच सरस. यावर मी वाद घालत नाही. पण तुमचं ते ‘कळेल का’ वाचलं आणि राहवलं नाही.

माझे बाबा कुर्ल्याला एका फाउंड्रीत ओतकाम करायचे. इंग्रजीचा गंध नाही. माझ्या दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही हा पिक्चर बघायला गेलो, व्हीटीला उतरून चालत. सोबत कॉलेजात जाणारा चुलतभाऊ. 1984चा पहिला भाग त्याने कॅसेटवर पाहिलेला, त्यात आर्नोल्ड मारेकरी. त्यामुळे हा बाबांच्या कानाशी लागलेला, ‘काका, हाच व्हिलन, तो पोलीस चांगला.’ मॉलमध्ये दोघं समोरासमोर आले आणि सगळं उलटं निघालं: आर्नोल्ड एका पोराला वाचवायला आलेला, आणि तो पोलीसच द्रव धातूचं मारेकरी यंत्र. मग तो पोलीस पोराच्या मोटरसायकलमागे धावतो तेव्हा बाबा हळूच म्हणाले, ‘बघ, एवढा पळतोय पण तोंड मिटलेलं. धाप नाही.’ आम्हा दोघांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तो पोलीस झालेल्या रॉबर्ट पॅट्रिकने नाकाने श्वास घेत पळायचा मुद्दाम सराव केला होता, हे मी कित्येक वर्षांनी वाचलं.

शेवटी पोलादाचा कारखाना येतो. द्रव नायट्रोजनने गोठलेल्या त्या पोलिसाचे गोळी लागून तुकडे होतात. थेटर टाळ्या वाजवत होतं. बाबा पुढे सरकून बसले, ‘भट्टी जवळ आहे रे, हे परत वितळणार.’ आणि थेंब थेंब एकत्र यायला लागले.

घरी आल्यावर चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, ‘काकांना काय कळलं असणार, इंग्रजी पिक्चर!’ बाबा काहीच बोलले नाहीत, मोरीत जाऊन पाय धुतले. रात्री गॅलरीत चाळीतल्या पोरांना त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, हातवाऱ्यांसकट. भाजल्याचे पांढरे डाग असलेले ते हात अजून डोळ्यांसमोर आहेत.

चुलतभाऊ आजही म्हणतो की पहिलाच अस्सल, दुसरा पोराटोरांसाठी. साफ चूक. पहिला म्हणजे जीवघेणा पाठलाग, उत्तमच आहे. पण दुसऱ्यात त्या पोराची आई सारा कॉनर हॉटेलातल्या वेट्रेसची लढवय्यी झालेली दिसते, आणि मारायला बनवलेलं यंत्र एका पोराचा बाप होतं. ते डोळ्यांनी कळतं, त्याला भाषा लागत नाही. कॉम्प्युटरवरचे धातूचे प्रसंग तर जेमतेम पाचेक मिनिटांचे आहेत, बाकी सगळं मेकअप आणि पुतळ्यांचं काम.

हां, तुलना तशी बरोबरीची नाही. पहिल्याला साधारण 64 लाख डॉलर खर्च आला, 1991च्या दुसऱ्याला 10 कोटींच्या आसपास. वेळ असेल तर पहिला आधी बघा, सारा एवढी का बिथरलीय ते समजेल. नसेल तर सरळ दुसरा लावा. लहान मुलं असतील तर अणुस्फोटाच्या स्वप्नाचा भाग पुढे ढकला. आणि घरात इंग्रजी न येणारं कुणी असेल तर त्यांनाही शेजारी बसवा, फक्त मध्येमध्ये ‘कळतंय ना?’ असं विचारू नका.